चार पत्र्यांचा चेहरा

पेंटरनं बोर्ड टांगला, दोर सोडला, हात पुसत रस्ता ओलांडला आणि वळून वर पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की आपण घोळ घातलाय. घोळही कसा, तर थिएटरच्या दारावर, दुमजली उंचीचा, पक्क्या रंगातला आणि पुढचा सिनेमा लागेपर्यंत खाली न उतरणारा.

वर राक्षस होता. तो असायलाच हवा होता. सिनेमा राक्षसाचाच होता. पण त्या राक्षसाचा डावा गाल कानाकडे ओढला गेला होता. डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली होती. त्या बाजूचा कान वितळल्यासारखा आखूड झाला होता. अशी डावी बाजू अख्ख्या गावात एकाच माणसाची होती, आणि तो माणूस त्या वेळी त्याच दाराच्या आत, अंधारात, हातात बॅटरी धरून लोकांना खुर्च्या दाखवत होता.

डबा घेऊन आलेली बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिनं कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “बॅटरीमामांना एवढं वर कशाला चढवलंत?”

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्यालाच तसं वाटत असेल, एवढा एक आधार त्याच्यापाशी उरला होता. तोही गेला.

आता एवढा मोठा चेहरा काढून होईपर्यंत माणसाला कळत कसं नाही, असं कुणीही विचारेल. पेंटर लोक विचारणार नाहीत. थिएटरच्या मागं एक चिंचोळी पट्टी होती, तिला सगळे अंगण म्हणत. त्या अंगणात एका वेळी एकच पत्रा आडवा पडायचा. कंपनीकडून आलेल्या हातभर कागदावर पेंटर पेन्सिलीनं चौकोन पाडायचा आणि एकेक चौकोन पत्र्यावर मोठा करत न्यायचा. एका पत्र्यावर कपाळ नि एक डोळा, दुसऱ्यावर दुसरा डोळा, तिसऱ्यावर अर्धं तोंड, चौथ्यावर उरलेलं. त्यावर तो उकिडवा बसलेला. गाल रंगवताना डोळा कुठं असायचा? भिंतीकडे तोंड करून वाळत. चारही पत्रे एकत्र यायचे ते थेट दारावर, बोल्ट आवळल्यावर. म्हणून रस्ता ओलांडून वळून बघायची त्याची पद्धत होती. आजवर वळून पाहिल्यावर फार तर नायकाचा एक कान खाली घसरलेला निघायचा. आणि नायकाच्या कानाकडे बघायला तिकीट कोण काढतं?

या वेळी आणखी एक भानगड होती. सिनेमावाल्यांनी राक्षसाचं तोंड मध्यंतरापर्यंत लपवून ठेवलं होतं, त्यामुळे कंपनीच्या कागदावर राक्षस पाठमोरा होता. मालकांना ते पटलं नाही.

“पाठ बघायला कोण पैसे देतं, पेंटर? तोंड काढ.”

“कसलं काढू?”

“भीती वाटेल असलं. डोकं चालव जरा.”

पेंटरचं डोकं काही चाललं नाही. हात मात्र चालला.

या हाताबद्दल सांगायला हवं, कारण पेंटरची सगळी हकिगत म्हणजे या हाताचीच हकिगत आहे. शाळेत चित्रकलेचे सर त्याला म्हणाले होते, “तुला कल्पनाशक्ती नाही, पण हात आहे.” तेवढ्या शिफारशीवर त्यानं शाळा सोडली. आधी हातगाड्यांवर नंबर घातले, मग दुकानांच्या पाट्या, मग दातांच्या दवाखान्यासाठी एक भलीमोठी दाढ. ती दाढ बघून मालकांनी त्याला थिएटरवर बोलावलं. तेव्हापासून तो नायक-नायिका काढत आलाय. पण जे रोज दिसतं तेच त्याच्या हातात येतं. त्याच्या सगळ्या नायिकांची हनुवटी त्याच्या बायकोची असते, तीही बायको रागावलेली असतानाची, कारण जास्त करून ती तशीच त्याच्या बघण्यात येते. प्रेमगीताच्या बोर्डावरसुद्धा नायिका 'किल्ली कुठं ठेवलीत?' असं विचारत असल्यासारखी दिसते. गावानं ते चालवून घेतलंय.

आणि त्या अंगणात बायकोखालोखाल त्याला रोज कोण दिसायचं? मामा.

मामांचं पोरपणी स्टोव्ह भडकून तोंड भाजलं होतं. मोठेपणी त्यांनी चार ठिकाणी कामं धरली आणि चारही ठिकाणी लोक त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे. मग त्यांना थिएटरची नोकरी मिळाली. अंधारात मामा म्हणजे एक बॅटरी आणि एक आवाज. आवाज असा मऊ, की उशिरा आलेली माणसं आपण उशिरा आलोय हे विसरायची. “या. पायरी आहे. इकडं. आत सरका.” उजेड ते नेहमी माणसाच्या पायावर टाकायचे, तोंडावर कधीच नाही. गावातल्या कित्येकांना मामांचा आवाज ओळखीचा होता आणि चेहरा माहीत नव्हता. मामांना तेच हवं होतं. रस्त्यानं जाताना ते डावीकडे भिंत धरून चालायचे; परत येताना पलीकडच्या बाजूनं, पुन्हा डावीकडे भिंत.

दोन खेळांच्या मधल्या वेळात ते अंगणात यायचे आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर, पेंटरच्या उजव्या हाताला बसायचे. म्हणजे डावी बाजू पेंटरकडे. जगात तेवढी एकच जागा होती जिथं त्यांना ती बाजू कुठं ठेवावी असा प्रश्न पडत नव्हता. पेंटर रंगवायचा, ते चहा प्यायचे, आणि पेंटरच्या हातानं हळूहळू सगळं पाठ करून टाकलं.

त्या दिवशी पहिला खेळ सुटला, लोक बाहेर पडले आणि दार ओढून घ्यायला मामा पायरीवर आले. समोरची माणसं एकदा वर, एकदा त्यांच्याकडे बघत होती, म्हणून त्यांनीही वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पेंटर पलीकडे डब्याचं झाकण उघडून तसाच उभा होता.

“रंग चांगला बसलाय,” मामा म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते अंगणात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

सिनेमा मात्र तुफान चालला. गोष्ट अशी होती: डोंगरावरच्या एका जुन्या हवेलीत मेणबत्त्या करणारा एक कारागीर असतो. उरल्यासुरल्या मेणाचा तो एक माणूस करतो. वादळी रात्री तो माणूस डोळे उघडतो. कारागीर घाबरतो, बाहेर पडतो, दाराला कडी घालतो आणि डोंगर उतरून पळून जातो. मग तो मेणाचा माणूस दार फोडून गावात येतो आणि घरोघरी कडी वाजवत फिरतो. कुणी दार उघडत नाही. पुढं काय होतं ते मध्यंतरानंतर.

शाळेतल्या पोरांनी सिनेमा डोक्यावर घेतला. मामा दिसले की ती भिंतीला चिकटून ओरडायची, “मेणराक्षस आला रे!” पोरं वाईट नव्हती, वर काढलंय तेच खाली चाललंय, हे त्यांनी फक्त बघितलं होतं. थिएटरातही बॅटरीचा उजेड जवळ आला की बायका पाय वर घेऊ लागल्या. मामांनी बॅटरी विझवून, नुसत्या आवाजावर जागा दाखवायचा प्रयत्न केला. त्यानं तर किंकाळ्याच फुटल्या.

पेंटर घरी म्हणाला, “आठवड्याचा प्रश्न आहे. सिनेमा उतरला की बोर्ड उतरेल.”

“सिनेमा उतरत नाही,” बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची. तिनं मशीनवरून एक काळं कापड उचलून त्याच्यासमोर धरलं. “हे तुमच्या मालकांनी पाठवलंय. पायघोळ झगा शिवायचाय, टोपी जोडलेला. मापं बघा कुणाची आहेत.”

मापं मामांची होती. शुक्रवारपासून मामांनी झगा घालून, बोर्डाखाली, भर उजेडात उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर गुरगुरायचं, असं मालकांनी ठरवलं होतं. आत त्यांचा आता उपयोग नव्हता. बाहेर उभं राहायचं नसेल तर नोकरीही नव्हती.

“मी अजून कापड कापलेलं नाही,” बायको म्हणाली. “माझ्या हातानं मी ते कापणार नाही. तुमचा हात काय करणार ते बघा.”

पेंटर मालकांकडे गेला. मालक तिकिटाच्या खिडकीमागं प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते.

“बोर्ड बदलतो म्हणतो, मालक.”

“हाऊसफुल्ल बोर्ड बदलतोस? ताप आलाय का?”

“ते तोंड मामांचं झालंय.”

“झालंय ना! मला आधी सुचलंच नाही बघ. तुला डोकं आहे, पेंटर.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या डोक्याचं कौतुक केलं होतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उरले मामा. ते अंगणात येत नव्हते, तेव्हा पेंटरनंच आत जायचं ठरवलं. इतकी वर्षं थिएटरवर काढून तो खेळ चालू असताना कधी आत गेला नव्हता. आपण बाहेर दाखवलेलं आत निघत नाही, याची त्याला थोडी लाज वाटायची. पडदा बाजूला करून तो काळोखात शिरला आणि पहिल्याच पायरीवर अडखळला. उजेडाचा एक गोल त्याच्या चपलांवर येऊन थांबला.

“पायरी आहे,” आवाज आला. मग त्या आवाजानं चप्पल ओळखली. चपलेवर गावातल्या झाडून सगळ्या सिनेमांचे शिंतोडे होते. “तू होय. मागं भिंतीपाशी ये.”

दोघं मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्यावर मेणाचा माणूस एका दारावर थापा मारत होता.

“मामा, मी मुद्दाम नाही केलं.”

“माहितेय मला. मुद्दाम केलं असतंस तर इतकं हुबेहूब जमलं नसतं.”

“हळू बोला ना!” पुढून कुणीतरी खेकसलं.

मामांनी आवाज आणखी खाली घेतला. “पापणीच्या खाली एक बारकी गाठ आहे बघ माझ्या. ती पण काढलीस. आरशात बघूनसुद्धा मी ती विसरलो होतो.”

पेंटर त्यांच्या कानाशी वाकला. “मालकांना सांगून बघितलं.”

“काय म्हणाले?”

“डोकं आहे म्हणाले मला.”

मामांच्या छातीतून हसल्यासारखं काहीतरी आलं आणि तिथंच विरलं. पडद्यावर एका बाईनं खिडकी आपटून बंद केली. सगळं थिएटर समाधानानं किंचाळलं.

“रोज बघतो हे,” मामा म्हणाले. “त्या कारागिरानं ह्याला केलं, त्याचा मला राग येत नाही. हातून होतं. हात मोकळा बसत नाही कारागिराचा. पण डोळे उघडल्यावर ह्यानं पहिलं काय बघितलं असेल? कडी घालून पळणाऱ्याची पाठ.” त्यांनी बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तू पण त्या दिवशी शिडी खांद्यावर टाकलीस आणि घरी गेलास.”

“तुम्ही आत निघून गेलात म्हणून...”

“मी आत गेलो. ते वर टांगलंय, ते कुठं जाणार?”

“अहो, बाहेर जाऊन बोला की!” पुढचा माणूस आता उभाच राहिला. मामांनी सवयीनं त्याच्या पायावर उजेड टाकला आणि मऊ आवाजात म्हटलं, “बसा साहेब. आता दार फोडेल तो.” माणूस बसला.

“शुक्रवारी उभे राहणार?” पेंटरनं विचारलं.

“नाही. बहिणीच्या गावी जाईन. तिच्याकडे थिएटर नाही, पण तिच्या घरात उजेड कमी आहे.”

पेंटर बाहेर आला तेव्हा उन्हानं त्याचे डोळे दिपले. बाहेर आणि वर, दुमजली उंचीवर, मामा उघड्या तोंडानं रस्त्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता आणि बायको दारात बसून बटणं लावत होती.

“शिंगं काढतो,” तो म्हणाला.

“शिंगवाले मामा.”

“दाढी काढतो. गळ्यापर्यंत.”

“दाढीवाले मामा. तुम्हाला नवं तोंड सुचत नाही, हे मला लग्नापासून माहितेय. माझी हनुवटी या गावातल्या भिंतीभिंतीवर आहे.” तिनं दोरा तोडला. “ओळखीचंच कुणाचं तरी लावावं लागेल. कुणाचं लावता?”

पेंटरच्या मनात झर्रकन मालक आले. मोह मोठा होता. मालकांच्या कपाळावर राक्षसाला लागणारी जागा मुबलक होती. पण मग पुन्हा तेच, दुसऱ्याचं तोंड परस्पर वर टांगायचं आणि शिडी घेऊन घरी. तो गाल ओढून उरलेला फेस काढत राहिला. आरशात एक अर्धवट दाढीचा माणूस त्याच्याकडे वाकडं तोंड करून बघत होता.

बायकोनं बघितलं आणि बटण लावायची थांबली. “हं,” ती म्हणाली. “ह्याला बघून दूध नासेल.”

शिडी, डबे, आरसा आणि बायको असा सगळा संसार घेऊन तो थिएटरवर गेला. दाढीचा आरसा त्यानं शिडीच्या वरच्या दांडीला सुतळीनं बांधला. बायकोनं खाली शिडी धरली. पण वर गेल्यावर पुन्हा तेच संकट: नाक पत्र्याला लागलेलं, आणि पूर्ण चेहरा दिसायला रस्त्यापलीकडे कुणीतरी हवं.

“डावा डोळा वर गेलाय!” मागून आवाज आला.

मामा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. भिंत त्यांच्या पाठीमागं होती, बाजूला नव्हती. सकाळचं ऊन त्यांच्या सगळ्या तोंडावर पडलं होतं.

“इतका?”

“अजून खाली. आणि नाक लहान का काढतोस? आहे तेवढं काढ.”

“आहे तेवढंच काढलंय!”

“पेंटर, रंग तुझा आहे, नाक मला दिसतंय. वाढव.”

शिडी हसायला लागली. म्हणजे बायको हसत होती, पण हलायची ती शिडी. बघता बघता रस्त्यात माणसं जमली. सायकलवाले पाय टेकून थांबले आणि जो तो सल्ला देऊ लागला. गाल पिवळे झाले, ओठ हिरवे झाले, डोळे भोकरासारखे बाहेर आले, पण वर होता तो पेंटरच, तिळासकट.

मालक आले ते धावतच. “अरे, हे काय मांडलंयस? हाऊसफुल्ल राक्षस पुसलास?”

“नवा काढलाय.”

“हा तर तू आहेस!”

“तोंड पाहिजे म्हणाला होतात.”

“तुला बघून कोण घाबरणार?”

“मी रोज घाबरते,” बायको शिडीखालून म्हणाली.

मालकांनी हसणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. गर्दी बघितली की त्यांचा राग फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात शाळेला निघालेल्या दोन मुली थांबल्या, त्यांनी वर पाहिलं, शिडीवर पाहिलं, आणि “मेणराक्षस!” म्हणून आनंदानं किंचाळत पळाल्या. पेंटर खाली उतरला.

“शुक्रवारी झगा घालून मी उभा राहतो, मालक. बोर्डाला मॅच होईल. मामांना आत राहू दे. तुमचे लोक अंधारात पाय मोडून घेतील नाहीतर.”

“गुरगुरता येतं का?”

“शिकतो.”

“मापं नवी घ्यावी लागतील,” बायको म्हणाली. “हे आडवे जास्त आहेत. कापड पुरतंय का बघते.”

कापड पुरलं नाही. मागं जोड द्यावा लागला. शुक्रवारपासून पेंटर झगा घालून बोर्डाखाली उभा राहिला आणि आयुष्यात कधी केली नव्हती एवढी अंगमेहनत त्यानं गुरगुरण्यात केली. पोरं त्याच्यावर कागदाचे बोळे फेकायची, तो धावून जायचा, पोरं खूश, मालक खूश. दोन दिवस त्यालाही मजा आली. तिसऱ्या दिवशी तो झगा काढून किराणा आणायला गेला, तर दुकानातलं एक लहान पोर त्याला बघून आईच्या मागं लपलं आणि मुसमुसून रडलं. आता काही झगा नव्हता. त्यानं हसून दाखवलं, तर ते जास्तच रडलं. त्या दिवशी तो भिंतीच्या कडेकडेनं घरी आला. बायकोनं किल्ली कुठं आहे ते विचारलं नाही.

आत मामांची बॅटरी पुन्हा पायांवर फिरू लागली. पोरांना वरचं आणि खालचं तोंड आता दुसरीकडेच जुळलेलं सापडलं होतं. ती मामांना विसरली, आणि मामांना तेवढं पुरेसं होतं. दुपारी ते पुन्हा अंगणात आले, डबा ओढला आणि पेंटरच्या उजव्या हाताला बसले.

“एक बोलू?” चहा संपल्यावर ते म्हणाले.

“बोला की.”

“माझं तेवढं एकच चित्र होतं. पुसलंस ते बरंच केलंस. पण एक दे काढून. लहान. खोलीत लावायला.” त्यांनी हातांनी आकार दाखवला, पुस्तकाएवढा. “माझं मलाच बघायला.”

“उद्या देतो,” पेंटर म्हणाला.

त्यानं लगेच पत्र्याचा तुकडा कापला, कडा घासल्या, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मामा त्यासाठी नीट आंघोळ करून, केस विंचरून आले. पेंटरनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे ठरवून बघितलं आणि त्याचा हात थांबला. गालाची ओढ नेमकी कुठून सुरू होते ते सापडेना. ती पापणीखालची गाठ डोळ्यासमोर होती आणि ब्रशात येईना. काढायचा, पुसायचा. एकदा तर मामांना चक्क त्याच्या बायकोची हनुवटी आली. मामा ती बघून इतके हसले की चहा सांडला, आणि हसताना त्यांची उजवी बाजू वर गेली, डावी जागेवर राहिली, आणि पेंटरला वाटलं, हेच, हेच काढायला हवं. तेही जमलं नाही.

तो मेणाचा सिनेमा उतरून किती सिनेमे आले नि गेले. मामा अधूनमधून विचारतात, “काय रे, माझं काय झालं?” पेंटर म्हणतो, “पांढरा हात वाळतोय अजून.” मामा म्हणतात, “वाळू दे. घाई नाही.”

तो पांढरा तुकडा अजून अंगणात भिंतीला टेकून आहे. परवा पेंटरच्या बायकोनं तो पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवला, तर पेंटर तिच्यावर केवढ्यानं तरी ओरडला, आणि शर्टाच्या बाहीनं पुसून तो पुन्हा होता तिथं ठेवून आला.